दोन नांवांचा एक रोग

वैद्यकाच्या इतिहासांतील रोगांचीं नांवें चाळूं लागलें म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. कांहीं रोगांना लक्षणांवरून नांव मिळालेलें असतें, कांहींना ते ज्या गांवीं प्रथम आढळले त्या गांवावरून, आणि पुष्कळांना ते ओळखणाऱ्या वैद्यावरून. रोग ज्यानें सोसला त्याचें नांव मात्र सहसा कोठें उरत नाहीं. तें 'एक तरुण स्त्री, वय अमुक' एवढ्यापुरतें कागदावर येतें आणि कागदाबरोबरच विसरलें जातें. आज ज्या रोगाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहोंत, त्याला एक सोडून दोन वैद्यांचीं नांवें लागलेलीं आहेत. त्याला फॉन हिप्पेल-लिंडाउ रोग म्हणतात. पहिला गृहस्थ जर्मन, दुसरा स्वीडिश. पहिला नेत्रवैद्य, दुसरा विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे मृत देहांतील व कापून काढलेल्या अवयवांतील बिघाड पाहून रोगाचें स्वरूप ठरविणारा. या दोघांच्या मुख्य निबंधांत बावीस वर्षांचें अंतर आहे. मग त्यांचीं नांवें एकत्र कशीं आलीं, आणि मधल्या बावीस वर्षांत काय राहून गेलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

प्रथम रोगाची ओळख करून देणें अवश्य आहे. हा रोग फार विरळा. सुमारें ३६,००० जन्मांमागें एक मूल तो घेऊन जन्मास येतें. अशा मुलाच्या अंगावर जन्मतः कसलीच खूण नसते. तें इतर मुलांसारखेंच हंसतें, खेळतें, शाळेत जातें. पुढें बालपणीं, तारुण्यांत किंवा क्वचित् उतारवयांत, त्याच्या देहांत ठिकठिकाणीं गांठी उठूं लागतात. डोळ्याच्या आंतील पडद्यावर, लहान मेंदूंत, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत ज्या गांठी होतात त्या जवळजवळ केवळ सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्याच विणलेल्या असतात. त्या कर्करोगाच्या जातीच्या नसतात. पण डोळा आणि मेंदू या जागा इतक्या नाजूक कीं तेथें निरुपद्रवी गांठही उपद्रव केल्यावांचून राहत नाहीं. मूत्रपिंडांत मात्र खरोखरीचा कर्करोग होतो. स्वादुपिंडांत द्रवाच्या पिशव्या धरतात आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत गांठ झाली तर रक्ताचा दाब एकाएकीं भडकतो. आईबापांपैकीं एकास हा रोग असला तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. सुमारें पांचांतील एका रुग्णाच्या बाबतींत मात्र पूर्वीं घराण्यांत कोणासही तो झालेला नसतो; त्याच्यापासूनच त्याचा आरंभ होतो.

एकाच मुळापासून फुटलेल्या इतक्या फांद्या, आणि प्रत्येक फांदी वेगळ्या वैद्याच्या अंगणांत! डोळा नेत्रवैद्याकडे, मेंदू शस्त्रवैद्याकडे, मूत्रपिंड तिसऱ्याकडे. या रोगाच्या इतिहासांतील सारी अडचण या एका वाक्यांत आली.

इतिहासाचा आरंभ डोळ्यापासून झाला, यांत नवल नाहीं. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न कापतां पाहावयाच्या असल्या तर देहांत त्याला एकच जागा आहे, ती म्हणजे डोळ्याचा आंतील पडदा, अर्थात् दृष्टिपटल. पण बाहुलीच्या पलीकडे काळोख असतो. तो काळोख दूर करण्याचें साधन हेर्मान हेल्महोल्ट्स या शास्त्रज्ञानें ऑफ्थॅल्मोस्कोप या यंत्राच्या रूपानें १८५१ सालीं जगापुढें मांडलें. तेव्हां तो पूर्व प्रशियांतील क्योनिग्सबर्ग येथील विद्यापीठांत अध्यापक होता. त्याच गांवीं १८६७ सालीं ऑयगेन फॉन हिप्पेल याचा जन्म झाला. त्याचा पिता आर्टुर फॉन हिप्पेल हाही नामांकित नेत्रवैद्य. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचें रोपण करण्याच्या आरंभींच्या प्रयत्नांत त्याचें नांव आदरानें घेतलें जातें. पुत्रानें पित्याचीच विद्या उचलली आणि पुढें पित्याप्रमाणेंच ग्योटिंगेन येथें नेत्रवैद्यकाचें अध्यापकपद भूषविलें. विद्येचा वारसा असा उघड चालत आला होता. पण ज्या रोगाला आपलें नांव मिळणार आहे त्याचाही वारसा चालतो, हें त्याच्या दृष्टीस पडावयाचें राहिलें.

फॉन हिप्पेलच्याही आधीं एक संधि येऊन गेली होती. १८९४ सालीं लंडन येथील नेत्रवैद्य एडवर्ड ट्रीचर कॉलिन्स यानें दोन रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोघांच्याही दोन्ही डोळ्यांत रक्तवाहिन्यांनीं भरलेली एक विलक्षण वाढ झालेली होती. आणि ते दोघे सख्खे भाऊबहीण होते. हें नातें कॉलिन्सनें लपविलें नाहीं, आपल्या लेखाच्या मथळ्यांतच घातलें. तथापि भाऊ आणि बहीण यांना एकच दुर्मिळ विकार व्हावा यांत घराण्याचा हात असला पाहिजे, आणि घराण्याचा हात असेल तर तो डोळ्यापाशींच कां थांबावा, ही विचारांची पुढची पायरी त्या वेळीं कोणी चढलें नाहीं. सत्य दारांत उभें होतें. त्याला आंत या म्हणणारा कोणी नव्हता.

१९०४ सालीं फॉन हिप्पेलनें जर्मनींतील एका प्रतिष्ठित नेत्रवैद्यकीय नियतकालिकांत 'दृष्टिपटलाचा एक अत्यंत दुर्मिळ विकार' अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहिला. त्यांत जें चित्र त्यानें रेखाटलें तें आजही कोणत्याही नेत्रवैद्यानें तत्काळ ओळखावें इतकें नेमकें आहे. दृष्टिपटलाच्या कडेला एक तांबूस गोल गांठ. तिच्याकडे जाणारी एक रोहिणी आणि तिच्यापासून परत येणारी एक नीला. दोन्ही फुगलेल्या, नागमोडी. निरोगी डोळ्यांत ज्या वाहिन्या केसासारख्या बारीक असावयाच्या, त्या येथें दोरखंडासारख्या जाड झालेल्या. गांठींतून पाणी पाझरतें, पडदा हळूहळू उचलला जातो आणि एके दिवशीं दृष्टि जाते. सात वर्षांनीं, १९११ सालीं, अशा डोळ्याचा सूक्ष्मदर्शकाखालीं अभ्यास करून त्यानें गांठीची रचना सांगितली आणि ती रक्तवाहिन्यांचीच अमर्याद वाढ आहे असें दाखवून तिला अँजिओमॅटोसिस असें नांव दिलें. नेत्रवैद्याचें म्हणून जें कर्तव्य, तें त्यानें सर्व पार पाडलें. त्याची नजर तीक्ष्ण होती, हात काळजीपूर्वक होता, भाषा मोजकी होती. पण ती नजर डोळ्याच्या खोबणीबाहेर पडली नाहीं. डोळा ही शरीराची खिडकी आहे असें आपण म्हणतों; खिडकीच्या कांचेचें परीक्षण इतकें सूक्ष्म झालें कीं आंतल्या घराकडे पाहावयाचें राहून गेलें.

घरांत काय चाललें होतें तें मरणोत्तर कळलें. फॉन हिप्पेलनें वर्णिलेल्या मूळ रुग्णांपैकीं एकजण पुढें मरण पावला आणि त्याच्या शवचिकित्सेचा वृत्तांत ब्रांट नांवाच्या वैद्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या लहान मेंदूंत गांठ निघाली. इतर अवयवांतही विकृति होत्या. ज्या मनुष्याचे डोळे इतक्या बारकाईनें पाहिले गेले, त्याच्या मेंदूंत काय दडलें आहे याची कल्पना त्याच्या हयातींत कोणास आली नव्हती. हा वृत्तांत छापला गेला, वाचला गेला, आणि कपाटांत गेला. तो बाहेर काढण्यास दुसऱ्या देशांतील, दुसऱ्या शास्त्रांतील एक तरुण यावा लागला.

आर्विद लिंडाउ याचा जन्म १८९२ सालीं दक्षिण स्वीडनमधील माल्म्यो येथें झाला. जवळच्याच लुंड विद्यापीठांत तो विकृतिशास्त्राचा अभ्यास करीत होता. त्याच्यापुढचा प्रश्न डोळ्याचा मुळींच नव्हता. लहान मेंदूंत कित्येकदां द्रवानें भरलेल्या पिशव्या सांपडतात. त्यांचा दाब वाढला म्हणजे रुग्णाचें डोकें दुखतें, वांति होतात, चालतांना तोल जातो, आणि उपाय न झाल्यास मृत्यु येतो. शस्त्रवैद्य कवटी उघडून पिशवींतलें पाणी काढीत. रुग्णास कांहीं काळ बरें वाटे. मग पिशवी पुन्हां भरे. या पिशव्या होतात तरी कशानें, हा लिंडाउचा विषय होता. त्यानें जुन्या नमुन्यांतील पिशव्यांच्या भिंती नेटानें तपासल्या, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं भिंतीच्या एका कोपऱ्यांत एक लहानशी तांबडी गांठ त्याला आढळली. कधीं ती इतकी लहान असे कीं शोधणाऱ्यानें चिकाटी सोडली तर सुटून जावी. गांठ रक्तवाहिन्यांची होती. पाणी पाझरत होतें तें तिच्यांतून. पिशवी हा परिणाम. गांठ हें कारण. पाणी काढून गांठ ठेवणें म्हणजे झरा तसाच ठेवून विहीर उपसण्यासारखें होतें.

एवढ्यावर थांबता तरी लिंडाउचें नांव शस्त्रवैद्यकांत राहिलें असतें. परंतु मेंदूंतील ही गांठ पाहून त्याला दुसरीकडे वाचलेल्या वर्णनाची आठवण झाली. रक्तवाहिन्यांची अशीच गांठ नेत्रवैद्य डोळ्यांत सांगतात, ती हीच तर नव्हे? त्यानें नेत्रवैद्यकाचें वाङ्मय धुंडाळलें, शवचिकित्सांचे जुने वृत्तांत पुन्हां वाचले, आणि १९२६ सालीं आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं डोळ्यांतील आणि लहान मेंदूंतील गांठी ह्या एकाच रोगाच्या दोन शाखा होत. मज्जारज्जूंतील गांठी, मूत्रपिंड व स्वादुपिंड यांतील विकृति ह्याही त्याच झाडाच्या. प्रबंधाच्या मथळ्यांतच त्यानें लहान मेंदूच्या पिशव्या आणि दृष्टिपटलाचा विकार यांचा संबंध जोडला होता. त्यांत वापरलेली बरीचशी सामग्री जुनीच होती आणि ती सर्वांस उपलब्ध होती. पण एका खोलींतील कागद दुसऱ्या खोलींत नेऊन शेजारीं ठेवावे, हें सुचलें त्याला. शास्त्राची प्रगति नव्या साधनांनीं होते हें खरें. पण मधलीं दारें उघडल्यानेंही ती होते, हें आपण पुष्कळदां विसरतों.

या शोधाचें मोल प्रथम ओळखणाऱ्यांत अमेरिकेंतील मेंदूचा प्रख्यात शस्त्रवैद्य हार्वी कुशिंग हा होता. त्यानें आणि पर्सिव्हल बेली यानें १९२८ सालीं मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या गांठींवर ग्रंथ लिहिला, तींत या जातीच्या गांठीला हेमँजिओब्लास्टोमा हें आजही रूढ असलेलें नांव दिलें आणि रोगाला लिंडाउचें नांव जोडलें. पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमधील म्योलर यानें हा रोग पिढ्यान् पिढ्या कसा उतरत जातो याकडे लक्ष वेधलें. १९३६ च्या सुमारास 'फॉन हिप्पेल-लिंडाउ' असें जोडनांव छापून येऊं लागलें. फॉन हिप्पेल तेव्हां हयात होता. तो १९३९ सालीं वारला. लिंडाउ १९५८ पर्यंत जगला. १९६४ सालीं मेल्मन आणि रोझेन या दोन अमेरिकन वैद्यांनीं एका मोठ्या घराण्याचा कसून अभ्यास करून रोगनिदानाचे नियम घालून दिले, तेव्हांपासून हें जोडनांव सर्वत्र स्थिरावलें. त्या नियमांतील एक मर्म लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ज्या मनुष्याच्या घराण्यांत हा रोग ठाऊक आहे त्याच्या देहांत अशी एक गांठ सांपडली तरी निदान पक्कें. घराण्यांत ठाऊक नसेल तर एकीनें भागत नाहीं, दुसरी दिसावी लागते. म्हणजे घराण्याची हकीकत ही एका गांठीच्या तोलाची साक्ष ठरली.

येथें आम्हांला जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें येतें. या रोगाचीं तीन साधनें सांगतां येतील: नेत्रवैद्याचें यंत्र, विकृतिशास्त्रज्ञाचा सूक्ष्मदर्शक, आणि घराण्यानें आपल्या तोंडानें सांगितलेली आपली कुळकथा. पहिलीं दोन नसतीं तर रोग दिसला नसता. तिसरें नसतें तर तो ओळखला गेला नसता. "आमचा बाप ऐन चाळिशींत डोकें दुखून दुखून गेला", "आत्याची दृष्टि तरुणपणींच गेली", "धाकट्या काकाला मूत्रपिंडाचा रोग होता" अशीं वाक्यें एकेकटीं ऐकलीं तर ती दैवाची हकीकत वाटते. एका ओळींत मांडलीं तर तें निदान होतें.

परंतु कुळकथा सांगणें हें कोणत्याही काळीं आणि कोणत्याही देशांत सोपें नव्हतें. ज्या वर्षांत या रोगाचा आनुवंशिक स्वभाव वैद्यांना उमगत होता, त्याच वर्षांत युरोपांत आनुवंशिक रोग या शब्दाला भयानक अर्थ येत चालला होता. १४ जुलै १९३३ रोजीं जर्मनींत नाझी राजवटीनें एक कायदा केला. आनुवंशिक मानलेल्या ठराविक रोगांच्या माणसांची प्रजोत्पादनशक्ति सक्तीनें नष्ट करण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला, आणि त्या रोगांच्या यादींत आनुवंशिक अंधत्वाचाही समावेश होता. स्वीडननेंही १९३४ सालीं निर्बीजीकरणाचा कायदा केला आणि १९४१ सालीं त्याची व्याप्ति वाढविली. फॉन हिप्पेल वा लिंडाउ यांचा या कायद्यांशीं आम्ही संबंध जोडीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या दोन देशांनीं या रोगाला नांवें दिलीं त्याच दोन देशांत, वैद्यापुढें बसून आपल्या घराण्याची व्यथा खरीखरी सांगणें हें त्या काळीं धोक्याचें काम झालें होतें. ज्ञान वैद्याच्या हातीं असतें तेव्हां तें औषध असतें. तेंच दंडाधिकाऱ्याच्या हातीं गेलें म्हणजे शस्त्र होतें. मग लोक मौन धरतात, आणि त्या मौनांत रोग निर्धास्तपणें वाढतो.

तरीही मौन पुरतें टिकलें नाहीं, हें माणसांच्या धैर्याचें लक्षण होय. महायुद्धानंतरच्या दशकांत अनेक घराण्यांनीं वैद्यांना आपलीं दारें उघडीं केलीं. जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ प्रदेशांत अधिवृक्क ग्रंथीच्या गांठींनीं ग्रासलेलीं अनेक घराणीं होतीं. त्यांच्या रोगाचें मूळ एकाच पूर्वजांत असल्याचें १९९५ सालीं दाखविण्यांत आलें. तोच सूक्ष्म बदल अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियामधल्या जर्मन वंशाच्या घराण्यांतही सांपडला. देश सोडून, समुद्र ओलांडून गेलेल्यांनीं भाषा टाकली असेल, नातीं विसरलीं असतील. रक्तांतली खूण त्यांच्याबरोबर गेली आणि तिनेंच पुढें विसरलेल्या नात्याची ग्वाही दिली.

अशा घराण्यांच्या साह्यानेंच मुळाचा शोध लागला. १९८८ सालीं हा दोष तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचें कळलें आणि १९९३ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या व केंब्रिजच्या संशोधकांनीं तो नेमका जनुक हुडकून काढला. फरीदा लतीफ, मार्स्टन लाइनहन, बर्टन झ्बार, मायकेल लर्मन, ईमन माहेर हीं त्यांतील कांहीं नांवें. हा जनुक वाढीला आळा घालणाऱ्यांपैकीं आहे. प्रत्येक पेशींत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. या रोगाच्या घराण्यांतील रुग्ण एक प्रत बिघडलेली घेऊनच जन्मतो. दुसरी चांगली असते तोंवर काम चालतें. ती एखाद्या पेशींत अपघातानें बिघडली कीं त्या पेशीला लगाम उरत नाहीं आणि गांठ सुरू होते. डोळ्यांतल्याच दुसऱ्या एका अर्बुदाचा विचार करून आल्फ्रेड नुडसन यानें १९७१ सालीं असा तर्क बांधला होता. तो येथें लागू पडला. गांठी एकाच वेळीं न होतां आयुष्यभर एकेक कां उगवतात, याचा उलगडा त्यांत आहे.

पण गांठी रक्तवाहिन्यांच्याच कां? फॉन हिप्पेलनें १९०४ सालीं ज्या नागमोडी वाहिन्या पाहिल्या, त्यांचें कारण कळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, आणि तें कळलें तेंही दुसऱ्याच अंगणांतून. ऑक्सफर्ड येथील मूत्रपिंडाचे वैद्य पीटर रॅटक्लिफ हे, प्राणवायु कमी पडला तर देहाला तें समजतें कसें, या प्रश्नाच्या मागें होते. अमेरिकेंतील ग्रेग सेमेन्झा यांनीं अशा वेळीं पेशींत जागें होणारें एक प्रथिन शोधलें होतें. विल्यम केलिन हे कर्करोगाचे वैद्य या रोगाच्या जनुकाचा अभ्यास करीत होते. या तिघांच्या वाटा १९९० नंतरच्या दशकांत एकत्र येत गेल्या आणि २००१ सालीं चित्र पूर्ण झालें. प्राणवायु पुरेसा असतो तेव्हां सेमेन्झा यांच्या प्रथिनावर एक रासायनिक खूण उमटते. आमच्या जनुकापासून बनणारें प्रथिन ती खूण ओळखतें आणि तें नष्ट करवितें. प्राणवायु घटला तर खूण उमटत नाहीं, प्रथिन जगतें, आणि "रक्तवाहिन्या वाढवा, तांबड्या पेशी वाढवा" असा हुकूम सोडतें. या रोगांत खूण ओळखणारा पहारेकरीच नाहींसा झालेला असतो. गांवाचीं कोठारें धान्यानें भरलेलीं असतां दुष्काळाची दवंडी पिटली जावी आणि चोहींकडून गाड्या धांवत याव्या, तसा प्रकार. प्राणवायु भरपूर असूनही पेशी हांक मारीत राहते आणि वाहिन्या येत राहतात. कांहीं रुग्णांच्या रक्तांत तांबड्या पेशींची बेसुमार वाढ कां आढळे, हेंही यावरून उमगलें. २०१९ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालें.

शोध तेथें थांबला नाहीं. बेलझुटिफान नांवाचें औषध त्या खोट्या दवंडीचाच आवाज बंद करतें. ६१ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली, त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रपिंडाच्या गांठी ठरविलेल्या प्रमाणाहून अधिक आक्रसल्या, आणि ऑगस्ट १९२१ नव्हे, ऑगस्ट २०२१ मध्यें, म्हणजे ब्रांटच्या त्या विसरलेल्या वृत्तांतानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, अमेरिकन सरकारनें या रोगासाठीं त्याला मान्यता दिली. त्यानें रोग समूळ जात नाहीं. तांबड्या पेशी घटून पांडुरोग होणें हा त्याचा नेहमींचा उपद्रव आहे, आणि गर्भाला तें घातक असल्याची सक्त सूचना त्याच्याबरोबर दिलेली असते. खरा आधार अजूनही जागरूकतेचाच आहे. डोळ्यांची तपासणी अगदीं तान्हेपणापासून करावी लागते. गांठ लहान असतां प्रकाशकिरणांनीं ती जाळतां येते व दृष्टि वांचते. मूत्रपिंडांतील गांठ सुमारें तीन सेंटिमीटरांची होईपर्यंत नजरेखालीं ठेवून मग तेवढीच काढतात आणि मूत्रपिंड राखतात. पूर्वीं या रोगाचे पुष्कळसे लोक पन्नाशीच्या आंत जात. वेळच्या वेळीं तपासणी होऊं लागल्यापासून तें आयुष्य वाढलें आहे.

कोणी विचारील, पुढें येणारें संकट आधीं जाणून घेण्यांत सुख तें काय? प्रश्न खोटा नाहीं. ज्यावर उपाय नाहीं असें भविष्य कळणें हा शापच होय, आणि अशा रोगांच्या बाबतींत मुलांची परीक्षा आईबापांच्या हौसेखातर करूं नये, हें आम्हांलाही मान्य आहे. पण या रोगाचें तसें नाहीं. येथें कळण्यानें डोळा वांचतो. शिवाय एक गोष्ट विसरूं नये. रुग्णाच्या दोन मुलांपैकीं सरासरीनें एकाला हा वारसा मिळालेला नसतो. रक्तपरीक्षेनें तें सिद्ध झालें कीं त्या मुलाची जन्माची टांगती तलवार उतरते, त्याच्या मुलाबाळांचीही उतरते. न जाणण्याच्या सुखांत हें दुसरें मूल विनाकारण भय भोगीत राहतें.

हा रोग विरळा आहे. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांची त्याच्याशीं गांठ पडेल. असें असतां एवढा विस्तार कशासाठीं? आमच्याकडे सोयरीक जुळवितांना कुळ, गोत्र, पत्रिका, देणेंघेणें यांची चौकशी खोदून खोदून होते, पण "तुमच्या घराण्यांत ऐन उमेदींत कोण कशानें गेलें?" हा प्रश्न निघाला कीं माजघरांत शांतता पसरते आणि चहा पुढें येतो. विचारणारा दोष काढण्यासाठीं विचारतो, म्हणून सांगणारा लपवितो. आणि लपविलेलें घरांतल्या मुलांनाही कळत नाहीं. पणजोबांचा पराक्रम चार पिढ्या सांगितला जातो. आजीच्या गेलेल्या दृष्टीची हकीकत एका पिढींत पुसली जाते. ही हकीकत मुलांना ठाऊक असली पाहिजे, आणि ती सांगणाऱ्याच्या मुलीचें लग्न तेवढ्यावरून मोडतां कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींवांचून होणाऱ्या नाहींत. ज्या समाजांत खरें सांगणाऱ्याला शिक्षा होते, त्या समाजांत वैद्यानें कितीही तीक्ष्ण यंत्र डोळ्याला लावलें तरी त्याला अर्धेंच दिसतें.

१८९४ सालीं लंडनमध्यें ट्रीचर कॉलिन्सपुढें बसलेल्या त्या भावाबहिणीचीं नांवें रोगाच्या नांवांत नाहींत. आपल्या व्यथेचा धागा कोठवर जातो तें त्यांना कोणी सांगितलें नाहीं, कारण तेव्हां तें कोणासच ठाऊक नव्हतें. आज तशीं भावंडें नेत्रवैद्यापुढें बसलीं, तर पहिला प्रश्न डोळ्याविषयीं असेल आणि दुसरा आईबापांविषयीं. एकशें तीस वर्षांच्या या इतिहासाची सारी कमाई त्या दुसऱ्या प्रश्नांत आहे. तो विचारणें वैद्याचें काम. त्याचें उत्तर तयार ठेवणें घराचें.